पंधरा मिनिटांत खाण

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणणाऱ्यांनी एकदा पणजीला साष्टांग दंडवत घालावा. सोमवार, 12 जानेवारी 2015. त्या एका दिवसात गोवा सरकारने लोहखनिजाच्या 31 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण केलं. आठ तासांची कचेरी धरली आणि कोणी जेवायला उठलंच नाही असं मानलं, तरी पट्ट्यामागे पंधरा मिनिटं.

आता तुम्ही वडिलांच्या पश्चात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर स्वतःचं नाव चढवायला जा. "साहेब साइटवर गेलेत, मंगळवारी या." मंगळवारी साहेब असतात, पण बहिणीची सही राहिलेली असते. सही आणलीत की साहेबांची बदली. चूक तुमचीच. तुम्ही जमिनीवर नाव मागता, जमीन खणायला मागत नाही.

त्याच सोमवारी दिल्लीत वटहुकूम निघाला : यापुढे खाणी लिलावानेच. योगायोग हो! लिलाव म्हणजे चारचौघांत बोली, जुन्या ओळखीला कवडीची किंमत नाही. अशा संकटातून घरच्या माणसांना सोडवायला नको? आणि माणसं घरचीच. त्यांचे खाणहक्क पोर्तुगीज अमदानीतले. 1987 च्या कायद्याने त्यांचे पट्टे झाले. त्या पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये सांगितलं. मुदत संपल्यावरही 2012 पर्यंत डिचोली-सांग्याचे रस्ते लाल करत टिपर धावत होते, मांडवीतून बार्जी भरून जात होत्या. एवढ्या चिकाटीचं चीज व्हायला हवं, म्हणून एकूण 88 पट्टे पुन्हा त्याच हातांत दिले गेले. तेही 2007 पासून मागील तारखेने, वीस वर्षांसाठी. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथे रुमाल कंडक्टरनेच टाकला.

सरकारचा खुलासा असा, की मुद्रांक शुल्क आधीच घेऊन ठेवलं होतं. म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि मग 'आता शब्द मोडवत नाही' म्हणायचं.

न्यायालयाला ही तत्परता रुचली नाही. 7 फेब्रुवारी 2018 रोजी त्याने सगळी 88 नूतनीकरणं रद्द केली, आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. निकाल चुकीचा वाटला, तर फेरविचारासाठी 30 दिवस असतात. पंधरा मिनिटांत पट्टा देणाऱ्या सरकारला हा अर्ज करायला नोव्हेंबर 2019 उजाडला. तोवर निकाल देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायाधीश निवृत्त झाले होते. एका बड्या खाण कंपनीने तर दुसरेही निवृत्त होईपर्यंत कळ काढली. जुलै 2021 मध्ये न्यायालयाने हे अर्ज फेटाळले आणि या वाट पाहण्याबद्दल नापसंतीही नोंदवली.

या सगळ्या वर्षांत ट्रकवाल्यांना बँकेच्या हप्त्याची मागील तारीख कोणी दिली नाही.