बर्फ पडला तर?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी गाडी घ्यायची ठरवली, की कर्ज मंजूर होण्याआधी त्याला फोरबायफोर काकांच्या तपासणीतून जावं लागतं. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण तपासणी जिन्यात होते. मलाही तिथेच गाठलं.

"गाडी घेतोयस म्हणे?"

"हो काका. बघतोय एखादी लहानशी."

"चालवणार कुठे?"

"घर ते हिंजवडी. महिन्यातून एकदा साताऱ्याला, सासुरवाडीला."

काकांनी डोळे बारीक केले. "आणि बर्फ पडला तर?"

साताऱ्याच्या वाटेवर बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर इतकी खरी काळजी होती की मी गप्प बसलो. तेवढ्यात त्यांनी "ग्राउंड क्लिअरन्स किती?" विचारलं आणि माझा पाऊण तास गेला.

अशी माणसं आता जवळपास प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. भर मे महिन्यात अकरा खिशांचं जाकीट, पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि नजर सतत दुसऱ्याच्या टायरवर. आमच्या काकांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे फोल्डिंगचं फावडं, गाडी ओढायचा पट्टा आणि बर्फात टायरला घालायच्या साखळ्या आहेत. दसऱ्याला या साखळ्यांना झेंडूची फुलं वाहिली जातात. नसते ती फक्त गाडी. म्हणजे गाडी आहे, पण ती चौदा वर्षांची हॅचबॅक. सोसायटीच्या गतिरोधकाला ती पोट घासल्याशिवाय ओलांडत नाही, आणि दर घासण्याला काका "बघितलंस? म्हणून म्हणतो!" म्हणतात.

हिवाळी टायरचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं, साधं टायर तिथे कडक होऊन पकड सोडतं, हे त्यांनी कधीतरी वाचलं. तेव्हापासून डिसेंबरात ते पेपर उघडतात तो तापमानाच्या चौकटीत. "पाषाण आठ पूर्णांक तीन! अजून एक पूर्णांक तीन अंश!" ही आरोळी आम्ही तिसऱ्या मजल्यावर चहा घेताना ऐकतो. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक ओढून ठेवला तर तो रात्रीत गोठून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, हेही त्यांना माहीत आहे. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्यांच्या मागच्या चाकाला बागेतला एक दगड असतो. या दगडावर सोसायटीच्या दोन सभांमध्ये ठराव झाले आहेत.

मात्र काकांची चेष्टा करणाऱ्याने एकदा त्यांना पंगतीत ऐकावं. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी दोन वाट्या आणि एक द्रोण मांडून डिफरन्शियल समजावला होता. "वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पल्ला असतो, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ही पेटी. पण एक चाक चिखलात सुटलं, की हिची कचेरी होते. एक कारकून जमिनीवर पाय रोवून कामाला तयार. दुसरा अधांतरी. पेटी सगळं फिरणं देते अधांतरी असलेल्याला! तो गरागरा फिरतो आणि फाईल जागची हलत नाही."

"मग फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी?" जिलबी वाढणाऱ्याने विचारलं.

"त्यातही कोरड्या डांबरावर फोर-एच लावायचं नाही. पुढची-मागची चाकं एकत्र बांधली जातात आणि वळणावर एकमेकांना ओढत बसतात. एकत्र कुटुंबासारखं आहे. चिखलात एकमेकांना धरावं, एरवी ज्याने त्याने आपलं बघावं. फोर-एल म्हणजे त्याहून खालचा गिअर, वेग मुंगीचा पण जोर बैलाचा. आणि एक लक्षात ठेव, ही सगळी ताकद निघायची आहे. थांबायला काही कामाची नाही. ब्रेक तुझ्या गाडीलाही चारच चाकांवर आहेत. बर्फावर थांबवतं ते टायर, नाहीतर समोरचा ट्रक."

जिलबीवाला पुढे सरकायला विसरला. पुढची पंगत अर्धा तास उशिरा बसली.

इतकं कळणाऱ्या माणसाने गाडी का घेतली नाही? कारण इतकं कळतं म्हणून. काका २०१० सालापासून गाडी ठरवताहेत. त्या वर्षी पहिली थार आली. "पहिली खेप कधी घेऊ नये" म्हणून थांबले. २०२० च्या गांधी जयंतीला नवी थार आली. नाशिकला बनलेली, म्हणजे माहेरचीच म्हणायची. पण दारं दोन. मागे बसायचं तर पुढचं सीट वाकवून आत रांगत जायचं. काकू म्हणाल्या, "मी या वयात रांगणार नाही." २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली. हलकी, पेट्रोलवर चालणारी, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. काकांनी शोरूममध्ये फावडं नेऊन बघितलं. मागची जागा २०८ लिटर. फावडं बसलं, पट्टा बसला, साखळ्या बसल्या आणि काकूंची बॅग बाहेर राहिली. २०२४ मध्ये थार रॉक्स आली. दारं पाच, जागा ऐसपैस. आम्ही पेढ्यांची वाट बघत होतो. आठ दिवसांनी काका उतरलेल्या चेहऱ्याने जिन्यात भेटले.

"फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये आहे रे."

"मग?"

"स्पितीत जानेवारीत डिझेल गोठतं! मेण साचतं त्यात. सकाळी टाकीखाली शेगडी लावून बसतात लोक. लडाखसाठी उणे तेहेतीस अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल २०१९ मध्ये काढलंय, पण इथून तिथे पोहोचेपर्यंत टाकीत कुठलं असणार? पुण्याचं!"

स्पिती हे काकांचं पंढरपूर. सिमल्यावरून किन्नौर, नाको, काझा हा हिवाळ्यातही चालू राहणारा रस्ता त्यांना वळणासकट पाठ. वारी मात्र वाहनावाचून अडलेली.

आणि गेल्या जानेवारीत काकू स्पितीला जाऊन आल्या.

भिशीच्या अकरा जणींनी ठरवलं, पैसे भरले आणि निघाल्या. काकांना विचारलं नाही असं नाही. विचारलं, तेव्हा ते "अजून दोन वर्षं थांबू, हायब्रिड येईल" म्हणाले. दहा दिवस काका घरी एकटे. पोळीभाजीचा डबा आमच्याकडून जायचा आणि रिकामा डबा काझाच्या तापमानासह परत यायचा.

काकू परतल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे फोटो बघायला गेलो. काकांनी मात्र फोटोकडे न बघता चौकशी सुरू केली.

"गाडी कुठली होती?"

"टेम्पो ट्रॅव्हलर."

"टू-व्हील ड्राइव्ह!" काका खुर्चीत मागे रेलले. "टायर कुठले होते?"

"काळे."

"अगं, ब्रेक कसा मारत होता तो ड्रायव्हर?"

"अहो, मी खिडकीतून बर्फ बघत होते."

काका गप्प झाले. चौदा वर्षांचा अभ्यास इकडे सोफ्यामागे आणि बर्फ बघून आल्या काकू! आम्हालाही कसंनुसं झालं. तेवढ्यात काकूंना काहीतरी आठवलं.

"नाकोच्या पुढे मात्र अडकलो हं आम्ही. मागचं डावं चाक नुसतं गरागरा फिरायला लागलं. ड्रायव्हर फावडं शोधतोय, बायका रामरक्षा म्हणताहेत. मला एकदम तुमचा तो अधांतरी कारकून आठवला. गाडीतलं पायपुसणं काढलं आणि घातलं त्याच्याखाली."

काका सावकाश पुढे झुकले. "कुठल्या चाकाखाली?"

"जे फिरत होतं त्याच्या. सगळं फिरणं त्यालाच मिळतं ना? मग म्हटलं, त्याच्या पायाखाली काहीतरी द्यावं. निघाली की गाडी!"

काकांचे डोळे पाणावले. ते उठले, सोफ्यामागचं फावडं उगाचच एकदा पुसलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी स्वतः चहा टाकला. हे आम्ही त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता काका गाडी घेऊन टाकतील. बर्फाची परीक्षा घरातलंच माणूस पास होऊन आलं होतं. मग रविवारी तुळशीबागेत ते दिसले. एका दुकानासमोर हातात टेप घेऊन उभे, आणि दुकानदार घामाघूम.

"काका, इथे काय?"

"पायपुसणं घेतोय," ते कुजबुजले. "काथ्याचं पकड छान देतं, पण ओलं झालं की जड. रबराचं हलकं. पण उणे वीसला कडक होईल का रे?"

दुकानदाराने माझ्याकडे आशेने बघितलं. मी त्याला सांगितलं, "२०३८ पर्यंत ठरवतील."