पुण्यातील सर्वोत्तम दुःखद निधन

आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन वार्तापत्राच्या ताज्या अंकात चौथ्या मजल्यावरच्या आप्पांना श्रद्धांजली आहे. शीर्षक असं : 'पुण्यातील सर्वोत्तम दुःखद निधन – जाणून घ्या संपूर्ण माहिती'. शोक समितीचा, शीर्षक सेक्रेटरींच्या भाच्याचं. भाचा 'डिजिटलमध्ये' आहे.

झालं असं की, वार्तापत्र शोधयंत्रात सापडत नाही अशी तक्रार वार्षिक सभेत आली. वार्तापत्रात असतं काय? टँकरच्या वेळा, लिफ्टच्या एएमसीचा तपशील, पाहुण्यांच्या गाड्यांवरून झालेला पत्रव्यवहार आणि मधूनमधून एखादं निधन. हे जगाला कशासाठी सापडायला हवं, असं विचारणाऱ्याला 'तुम्ही फार निगेटिव्ह आहात' असं सांगण्यात आलं. कोरमअभावी तहकूब होऊन त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरलेल्या सभेने ठराव एकमताने मंजूर केला. गच्चीची गळती पुढच्या सभेकडे गेली.

भाच्याचं काही म्हणणं खरंही होतं. वार्तापत्र ईमेलने जातं आणि शोधयंत्राला लोकांच्या इनबॉक्समध्ये शिरता येत नाही. म्हणून प्रत्येक अंकाचं उघड्या वेबवर एक पान हवं. जुने अंक तर पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. आपल्या डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं, यंत्राला त्याच फाइलीत रोमन अक्षरांचा चिवडा. काही अंक नुसतेच फोटो. हे सगळं युनिकोडमध्ये आणायचं, पानांच्या पत्त्यांची यादी म्हणजे साइटमॅप द्यायचा (एका फाइलीत 50,000 पत्ते चालतात, आमचे मोजून वर्षभराचे अंक), मग यंत्राचा क्रॉलर येणार, पान वाचणार आणि त्याला वाटलं तर नोंद करणार. नोंदीसाठी विनंती करता येते. विनंती केली म्हणून नोंद होईलच असं नाही, हेही सांगून ठेवलेलं असतं. डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जाचा इतका पाठपुरावा समितीने केला असता तर आज जमीन आमच्या नावावर असती.

क्रॉलर आला, आप्पांची श्रद्धांजली वाचून निघून गेला. नोंद नाही. भाच्याने निदान केलं : श्रद्धांजलीत कीवर्ड नाही. त्याच्याकडे लेख तपासणारं एक सॉफ्टवेअर आहे, ते लाल, केशरी किंवा हिरवा दिवा लावतं. आप्पांना लाल दिवा लागला. वाक्यं लांब, उपशीर्षकं नाहीत, लिंका नाहीत, आणि मुख्य म्हणजे पहिल्या परिच्छेदात 'दुःखद निधन' एकदाही नाही.

तेव्हा आता श्रद्धांजलीची सुरुवात अशी होते : 'तुम्ही पुण्यात दुःखद निधन शोधत आहात का? मग तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आला आहात!' पुढे, 'या लेखात आपण पाहणार आहोत' अशी यादी : दुःखद निधन म्हणजे काय, दुःखद निधनाचे प्रकार, माझ्या जवळचे दुःखद निधन. त्यानंतर 'आप्पांच्या दुःखद निधनाची 5 कारणे'. डॉक्टरांनी दाखल्यावर एकच लिहिलं होतं. उरलेली चार भाच्याने समितीशी चर्चा करून काढली, त्यांत 'वय' आणि 'हवामान' आहेत. मग 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न'. आप्पा कुठे राहत होते? बी विंग. आप्पांचं निधन मोफत पाहता येईल का? हा प्रश्न कुणी वारंवार विचारला ते कळलं नाही. उत्तर 'दर्शनाची वेळ संपली आहे' असं दिलं आहे. फोटोच्या मागे यंत्रासाठी जे वर्णन लिहायचं असतं, ते आहे : 'चष्म्यातील ज्येष्ठ पुरुष, दुःखद निधन, पुणे, 2 बीएचके'. शेवटी : 'तुम्हाला हे दुःखद निधन कसं वाटलं? आवडल्यास शेअर करा.' आणि मजकुरात जिथे जिथे शक्य तिथे वार्तापत्रातल्याच जुन्या पानांची लिंक हवी, यंत्राला ते आवडतं, म्हणून जिथे आप्पांच्या पत्नीचा, काकूंचा उल्लेख आहे तिथे निळ्या अक्षरांत जानेवारीतल्या हळदीकुंकवाच्या वृत्तांताची लिंक आहे.

हे यंत्राला कळणार नव्हतं, मान्य. भाच्याला कळलं नाही. समितीच्या अकरा सदस्यांतही कुणाला कळलं नाही, कारण त्यांनी मजकूर वाचलाच नव्हता. दिवा हिरवा झाला होता.

काढून काय टाकलं तेही सांगतो. आप्पा पहाटे पाच वाजता उठून पाण्याची मोटर लावायचे, हे वाक्य होतं. कुणाच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह गळतो हे त्यांना घरमालकाच्या आधी कळायचं, हे होतं. ते खजिनदार असताना हिशेब न जुळल्यामुळे आठ रुपयांसाठी सभा उशिरापर्यंत चालली, हे होतं. ही वाक्यं भाच्याने उडवली, कारण 'आप्पा' आणि 'मोटर' हे कुणी एकत्र शोधत नाही. सर्च व्हॉल्यूम शून्य. अरे बाबा, शून्यच असणार! ज्यांना आप्पा ठाऊक होते त्यांना ते शोधावे लागत नव्हते, जिन्यात भेटायचे.

मग पानाचा पत्ता. पत्त्यात 'श्रद्धांजली' एवढा शब्द तरी मराठीत राहू द्या, असं एका आजोबांनी सुचवलं. भाच्याने लिंक कॉपी करून दाखवली. संगणकाच्या हिशेबाने 'श्रद्धांजली'त अकरा चिन्हं. प्रत्येकाचे तीन बाइट. प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहायचा. म्हणजे एका श्रद्धांजलीला 99 अक्षरं, आणि त्यातलं एकही वाचता येत नाही. म्हणून पत्ता रोमन लिपीत ठेवला : 'बेस्ट-डेथ-पुणे'. आजोबा गप्प बसले. समितीने 'सुटसुटीत' म्हणून स्वागत केलं.

आणि हे आमच्याच सोसायटीत चाललंय असं समजू नका. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, एवढंच एखाद्या उपाशी माणसाला हवं असतं. तो बातमी उघडतो. संकष्टीचं महत्त्व, संकष्टी का करतात, या संकष्टीला जुळून येणारे योग, कोणत्या राशीचं भाग्य उजळणार, असे आठ परिच्छेद उतरून गेल्यावर नवव्यात वेळ सापडते, तीही दुसऱ्याच शहराची. साध्या वरणाची कृती बघायला जावं तर फोडणी पडायच्या आधी डाळीचा इतिहास वाचावा लागतो. हे कुणी माणसासाठी लिहिलेलं नाही. माणूस तिसऱ्या ओळीला वैतागतो हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. हे सगळं एका अशा वाचकासाठी लिहिलंय, ज्याला भूक लागत नाही, चंद्र दिसत नाही आणि आप्पा कोण ते कळत नाही. बरं, त्याच्यापुढे इतकं लोटांगण घालून मिळतं काय? आता शोधयंत्र आपली पानं वाचून उत्तराचा सारांश स्वतःच वर छापतं. खालच्या पानापर्यंत यायची वाचकाला गरजच उरत नाही. म्हणजे मराठी आमची नासली, चोख उत्तर त्याचं, आणि हिरवा दिवा भाच्याचा.

नोंद झाली एकदाची. पेढे वाटले. पान वाचून बाहेरच्या एकाच माणसाने संपर्क साधला : अंत्यविधीच्या सामानाचा व्यापारी, जाहिरातीचे दर विचारत होता. समिती दर ठरवते आहे.

तेव्हा माझ्यापुरता अर्ज आधीच देऊन ठेवतो : माझी श्रद्धांजली शोधयंत्रात सापडू नये. वेबवर यंत्रांना 'आत येऊ नये' असं सांगणारी एक पाटी असते, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची. 1994 सालापासूनची रीत, 2022 मध्ये तिचं रीतसर मानक झालं, पाळायची की नाही हे अजूनही येणाऱ्याच्या मर्जीवर. माझ्या श्रद्धांजलीवर ती लावू नये. पाटी पाहून यंत्र दारातूनच परत फिरतं, आत 'नोंद करू नये' अशी चिठ्ठी असली तरी ती वाचत नाही, आणि दुसऱ्या कुणी लिंक दिलेली असली तर नुसता पत्ता नोंदवून मोकळं होऊ शकतं. त्यापेक्षा यंत्राला आत येऊ द्यावं आणि पानाच्या माथ्यावर 'नोइंडेक्स' ही एक ओळ लिहावी, म्हणजे मोठी शोधयंत्रं मुकाट्याने पान सोडून देतात. भाच्याला ती नक्की येत असेल. मजकूर चार वाक्यांचा असावा आणि तो मला ओळखणाऱ्या कुणीतरी लिहावा.

हा अर्ज पुढच्या सभेत घेतला तरी चालेल. काकूंच्या नावावरची ती लिंक मात्र आज संध्याकाळपर्यंत काढा. त्याला ठराव लागत नाही.