विसरवाडीत ‘कट’ कसा वापरावा

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘रन’ या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले म्हणतात. मोजोत बापडे. ‘कट’ मोजायला ते नवापूर तालुक्यात फिरकले नाहीत, म्हणून हे मार्गदर्शन. विसरवाडीला बदली झालेल्या गुरुजींनी आणि बँकेच्या साहेबांनी सामान सोडण्याआधी वाचावे.

शाळेत या क्रियापदाची तिन्ही रूपे आपण ‘कट-कट-कट’ अशी घोकली. इंग्रजांना भूतकाळापुरतेही वेगळे रूप सुचले नाही. आपण निदान त्याची कटकट तरी केली.

सुरत–धुळे महामार्गावर डिव्हायडरमध्ये सोडलेली फट म्हणजे कट. ट्रकवाला अंगाला घासून गाडी काढतो, तो कट मारणे. पहिल्या कटावर उभे असताना दुसरा आला, तर आधी मागे सरावे, व्याकरण मग पाहावे. टपरीवर कटिंग मागितली की अर्धा चहा येतो, सलूनमध्ये मागितली की कात्री. तेव्हा आपण कुठे बसलो आहोत हे पाहून तोंड उघडावे. पुरणाचा कट आणि रचायचा कट हे दोन्ही अस्सल घरचे. ते इंग्रजांच्या खात्यावर टाकू नयेत.

खरी मेख पुढच्या शब्दात आहे. कट ‘केला’ म्हटले की करणारा सापडतो. कट ‘मारला’ म्हटले की तो मिशीवर ताव देतो. कट ‘झाला’ म्हटले की कोणीच सापडत नाही. माझ्या खात्यातून एकदा पैसे गेले. खिडकीवर विचारले, “कोणी कापले?” उत्तर आले, “कट झालेत काका.” म्हणजे पिकले फळ गळावे तसे. यादीतले नावही असेच कट ‘होते’. सरकारी कामाला मराठीने दिलेली एवढी सोयीची देणगी दुसरी नसावी.

हीच सोय आपणही वापरावी. उसने पैसे मागणाऱ्याचा फोन आला, की “कोंडाईबारी घाटात आहे, आवाज कट होतोय,” असे तुटक तुटक बोलावे. तेवढ्यात टपरीवाला मागून ओरडतो, “भाऊ, तुमची कटिंग!” अशा वेळी घाबरून फोन कट करू नये. तो कट होऊ द्यावा.