तणाची खानावळ

(स्थळ : ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला कॉफीचा मळा. मालक शहरातून सुटीपुरते आलेत. विजारीला गुडघ्यापर्यंत काळ्या, टोकदार बिया चिकटल्या आहेत.)

मालक : मुकादम, हा मळा आहे की रान? दोन ओळींमधून चालत आलो तर अर्धा मळा विजारीला लागून आला!

मुकादम : पिकांवच्या बिया आहेत, मालक. झटकू नका, पडतील तिथं उगवतील.

मालक : मग करू काय?

मुकादम : झटकाच. बाई खूश होतील.

सल्लागार बाई : तण मीच राखायला सांगितलंय.

मालक : बाई, मी तुम्हाला पैसे तण काढायचे देतो की वाढवायचे?

बाई : पानं पोखरणारी अळी आवरायचे. हे पान बघा.

मालक : करपलंय.

बाई : त्या तपकिरी डागावरचा पापुद्रा नखानं सोला.

मालक : अरे बापरे! आत कुणीतरी आहे!

बाई : पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसून ती मधलं हिरवं खाते. मग पान गळतं. कोरड्या, उन्हाळी दिवसांत तर तिची चंगळच.

मालक : मग मारा की औषध!

मुकादम : मारलं, मालक. अळ्या पचवायला शिकल्या, मित्रकीटक मात्र मेले.

मालक : तरी सांगतो, तण काढा. कीड त्यातूनच येत असणार.

बाई : ही अळी कॉफीशिवाय कशालाही तोंड लावत नाही.

मालक : म्हणजे माझ्यापेक्षा पक्की! डॉक्टरांनी सांगितल्यावर मीसुद्धा चहावर आलो.

बाई : तिचा बंदोबस्त गांधीलमाश्या करतात. मोठ्या असतात त्या पापुद्रा फाडून अळीच ओढून नेतात. दुसऱ्या मुंगीहून बारीक. त्या अळीपाशी अंडं घालतात, आणि त्यातून निघालेलं पिल्लू अळीला खाऊन मोठं होतं.

मालक : मजुरी?

बाई : नुसतं जेवण. पिल्लाला अळी चालते, पण मोठ्या माशीला मध लागतो.

मालक : कॉफीला फुलं येतात की! मळा कसा पांढराशुभ्र होतो!

मुकादम : होतो, पावसामागून चार दिवस. बाकीचं वर्ष त्यांनी काय एकादशी करायची?

बाई : म्हणून ओळींच्या मधे ही खानावळ. पिकांव आहे, निळसर झुबक्यांची ओसाडी आहे.

मालक : पटलं. मग वाढू दे सगळंच! कापणीचा खर्चही वाचला.

बाई : सगळं नाही. गवताचे पराग वाऱ्यावर जातात, त्याच्याकडे मध कुठला? आणि झाडाच्या बुंध्याशी काहीच नको. तिथलं तण पाणी-खत ओढतं, लहान रोपं तर पार दबून जातात. मधल्या पट्ट्यातलंही आलटून पालटून कापायचं. एक पट्टा कापला की शेजारचा फुललेला हवा.

मुकादम : आणि तोडणीआधी झाडाखालची जागा साफ. चादरी अंथरायच्या असतात.

मालक : म्हणजे कापणीचा खर्च आहेच! बरं, अळी नाहीशी तरी होईल ना?

बाई : नाही. आटोक्यात राहील. अधूनमधून पानं मोजायची, त्यातली पोखरलेली किती ते बघायचं, आणि मगच फवारणीचं ठरवायचं.

मालक (आवाज खाली आणून) : खरं सांगू? अळीचं एवढं नाही हो. तो शेजारी! त्याच्या मळ्यात गवताची काडी दिसत नाही. रविवारी चर्चच्या दारात, चारचौघांत मला विचारतो, "मळा विकायला काढलात का?"

मुकादम : पाऊस आला की त्याच्या त्या स्वच्छ मळ्यातली माती वाहून आपल्या चरात येते, मालक.

मालक : आपल्या? मग परत करू नकोस!

बाई : रस्त्याकडेला पाटी लावा : "तण मुद्दाम राखले आहे."

मालक : छान. खाली लिहा, "बाईंच्या सल्ल्यावरून."

बाई : आणि पीक चांगलं आलं तर?

मालक : तर खालची ओळ पुसायला मुकादम आहेच!