तारेवरचे अण्णा

अण्णा कुठल्याही गावात शिरले की आधी कुंपण बघतात, माणसं नंतर. साखरपुड्याला गेले तर मांडवाचा वासा हलवून पाहतात. भाचीसाठी स्थळ बघून आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? अण्णा म्हणाले, "मागच्या अंगाला काटेरी तार आहे."

हे दुखणं त्यांना दत्तजयंतीला जडलं. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी, ते नुसते घोडे बघायला गेले आणि पंचकल्याणी घोडी घेऊन बसले. घेताना अंगावरचा भोवरा न् भोवरा तपासला, गळ्याला देवमण पाहिला, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकतात याची खात्री केली. ठेवायची कुठे, एवढंच बघायचं राहिलं. अण्णांचा फ्लॅट पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर.

तेव्हापासून रविवार आला की अण्णा मुळशी, तळेगाव, सासवड असे हिंडतात. कुणी महिना घेऊन दुसऱ्याचा घोडा सांभाळतो असं कानावर आलं की निघाले. चंदी काय देता, मोतद्दार किती, हे त्यांच्या खिजगणतीत नसतं. तबेल्याचा मालक चहा सांगेपर्यंत हे मेजर टेप काढून कुंपणाला भिडलेले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणतात. सरडा निदान परत तरी फिरतो.

"काटेरी तार?"

"अहो, सगळीकडे तीच असते."

"अमेरिकेतल्या ग्लिडननं 1874 साली तिचं पेटंट घेतलं ते गुरांसाठी! म्हैस टोचलं की मागे सरते. घोडं आधी पळतं, विचार मग करतं."

इथवर अण्णांचं शंभर टक्के खरं आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच. कातडी, शिरा आणि हाड. तिथली जखम भरता भरत नाही, भरली तर वर फाजील मांस वाढतं, आणि धनुर्वात घोड्याला फार चटकन होतो. तारेत अडकलेलं घोडं पाय सोडवत बसत नाही, जीव खाऊन ओढतं.

पण अण्णा तारेवर थांबले तर ना! चौकटीची जाळी? खूर अडकेल. झटका मशीन? बारीक तार धावत्या घोडीला दिसत नाही, पांढरी रुंद पट्टी लावा. लाकडी आडवे वासे? उत्तम, पण खांबाच्या आतल्या बाजूनं ठोका. घोडीनं आतून अंग रेललं की बाहेरचे निखळतात. कोपरे गोल करा, एखादी दांडगी घोडी हिला तिथं गाठायची. एका हौशी मालकानं सगळे वासे भगवे रंगवले होते. घोड्याला नारिंगी रंग धड उठून दिसत नाही, म्हणून ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचा तो रंग 2022 पासून काढून पांढरा देतात, असं अण्णांनी त्याला ऐकवलं. मालक शांतपणे म्हणाला, "रंग घोड्यासाठी नाही दिला, गावासाठी दिलाय."

शेवटी एक जागा सापडली. साडेचार फुटी वासे, गोल कोपरे, एक खिळा बाहेर नाही. अण्णांचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांनाच कुंपणालगतची कण्हेर दिसली.

"विष आहे हे! चार पानं पोटात गेली तर घोडी हातची जाईल!"

"देवाला फुलं लागतात हो आईला."

मालक सज्जन, किंवा दमलेला. त्यानं कण्हेर मुळासकट काढली आणि आईला रोज फुलपुडी आणून द्यायचं कबूल केलं.

एवढे दिवस घोडी कुठे होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती सासवडकडे एका शेतकऱ्याच्या दारात, लिंबाखाली, साध्या दाव्यानं बांधलेली. कुंपण नावालाही नाही. चांगली गुबगुबीत झाली होती. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या की तिथंच." अण्णांनी त्यांच्याकडे, गुडघ्याखाली मांस नसलेल्या प्राण्याबद्दल बोलतोय मी, अशा नजरेनं पाहिलं.

घोडी टेम्पोतून नव्या जागी पोचली. दुसऱ्या दिवशी पहाटे मालकाचा फोन आला. घोडीनं ओठांनी फाटकाची कडी काढली होती आणि ती शेजाऱ्याच्या लसूणघासात उभी राहून निवांत चरत होती. शेजारी काठी घेऊन आला होता.

अण्णा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "कडी आडवी सरकवायची होती की उभी?"