लोह्याचं जपानी

भाचा पुण्यात जपानी शिकतो. दिवाळीला आमच्या गावी, लोह्याला आला तेव्हा घरच्यांनी त्याला पहिल्यांदा विचारलं, "आपल्या लोह्याला जपानीत काय म्हणायचं रे?" पोरानं मोबाईलवर इंग्रजी 'आयर्न' टाकलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

इंग्रजांचं काय, एकाच 'आयर्न'मध्ये त्यांनी भंगारवाला, धोबी, डॉक्टर आणि गोल्फ खेळणारा साहेब असे चौघे कोंबलेत. जपान्यांनी चौघांच्या चार खोल्या केल्या. धातू 'तेत्सु'. अंगातलं लोह 'तेत्सुबुन'. आमच्याकडे त्यासाठी 'रक्तवाढीची गोळी' देतात, लोहाचं नावही कुणी घेत नाही. कपड्यांची इस्त्री 'आइरोन' आणि गोल्फची काठी 'आइआन'. हे शेवटचे दोन्ही 'आयर्न'च. फक्त एक स्पेलिंग वाचून घेतल्यासारखा, 'र'सकट. दुसरा साहेबाच्या तोंडून ऐकल्यासारखा, 'र' गिळलेला. केस सरळ करायच्या यंत्रालाही ते 'हेआ आइरोन' म्हणतात. डोक्यालाही इस्त्रीच!

हसू नये, आपली इस्त्रीही उसनीच. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात ठाण मांडून बसले आणि १५४३ मध्ये जपानला पोचले. आपण त्यांच्याकडून पाव घेतला, इस्त्री घेतली. जपान्यांनी यातला पाव तेवढा घेतला (त्याला ते 'पान' म्हणतात, तेव्हा तिकडं जेवणानंतर पान मागू नये) आणि इस्त्रीसाठी इंग्रजाच्या दारात गेले.

मला आपला वाटला तो 'मिशिन'. जपानीत 'माशिन' म्हणजे कुठलंही यंत्र, 'मिशिन' म्हणजे फक्त शिलाईचं. आमचा टेलरही मिशिनच म्हणतो. "मिशिनचा पट्टा तुटलाय, उद्या या." तोक्योच्या शिंप्याला यातलं 'मिशिन' नक्की कळेल. 'उद्या'चे सगळे अर्थ कळायला मात्र लोह्यातच राहावं लागतं.

रेल्वेला ते 'तेत्सुदो' म्हणतात, म्हणजे सरळ लोहमार्ग. आपल्याकडं हा शब्द लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवर वाचायचा, आणि ती पाटी बघायलाही आम्ही एसटीनं नांदेड गाठायचं. लोह्याला लोहमार्गच नाही! नांदेड-लोहा-लातूर रेल्वेची मागणी ऐकत माणसं म्हातारी झाली.

भाच्याला म्हटलं, "'लोह्याला रेल्वे येईल' हे जपानीत सांग बरं."

"मामा, त्यांच्यात भविष्यकाळाचं वेगळं रूप नसतं. 'येते' आणि 'येईल' एकच."

म्हटलं, मग आमच्या रेल्वेबद्दल बोलायला हीच भाषा बरी.