गोड वाइन: लोणंदी पद्धतीचा प्राथमिक अभ्यासक्रम

प्रवेशाची पात्रता साधी आहे. वयाची 21 वर्षं पूर्ण असावीत. (कडक दारूला आपल्या राज्यात 25 लागतात, पण या वर्गात कडक काही शिकवत नाहीत.) आपल्याला गोड आवडतं हे चारचौघांत कबूल करायची तयारी असावी. घरातलं निदान एक माणूस आपल्या बाजूचं असावं. घरात कुणी माळकरी असेल तर वर्ग दुसरीकडे भरवावा. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि आपल्याच लोणंद गावात मुक्कामाला येते, तेव्हा माळेचा मान आधी.

वाइनची पुस्तकं ग्लासाच्या आकारापासून सुरुवात करतात. ती नाशिकला द्राक्षबागेच्या कडेला, गार वाऱ्यात बसलेल्या पाहुण्यांसाठी असतात. लोणंदच्या विद्यार्थ्याला त्याच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात करावी लागते.

पाठ पहिला: बाटली मिळवणे

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात जी वस्तू सगळ्यात कमी खपते ती वाइन. तिथे जाऊन ‘वाइन द्या’ म्हणालात तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता विचारेल, ‘क्वार्टर का खंबा?’ मग ‘द्राक्षाची, द्राक्षाची’ असा खुलासा करावा लागतो. आता मात्र तो मान वर करतो. घरात कुणी आजारी आहे का, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर येतो. तो स्टुलावर चढतो, अगदी वरच्या फळीवरून एक बाटली काढतो आणि फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसून समोर ठेवतो.

ती बाटली घेऊ नये. वरच्या फळीला पत्र्याची उष्णता लागते आणि शेजारी ट्यूबलाइट असते. उष्णता आणि उजेड हे वाइनचे दोन हाडवैरी. लेबलावरचं सालही बघावं. स्वस्त गोड पांढरी वाइन ताजी असतानाच प्यायची असते. जुनी तितकी चांगली हा नियम तिला लागू नाही, तो महागड्या मोजक्या बाटल्यांचा आहे. ‘फ्रिजमधली दे, यंदाची दे,’ एवढं म्हणावं. पोरगा चमकतो आणि गिऱ्हाइकाला कळतं म्हणून दुसऱ्या खेपेपासून ‘साहेब’ म्हणायला लागतो.

मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. त्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो: एका दिवसाचा 5 रुपयांना, वर्षाचा 100 ला, आजन्म 1000 ला. आजन्म परवाना घेतलेली माणसं मला आवडतात. इतक्या लांबचा विचार हल्ली कोण करतं?

2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर राज्यभर रण माजलं आणि विषय बारगळला. त्यामुळे तूरडाळ आणि वाइन एकाच पिशवीत आणायची सोय अजून झालेली नाही. दुकानदार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. काळ्या पिशवीत काय असतं हे लोणंदच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. म्हणून सोबत दोन किलो कांदे घ्यावेत आणि बाटली त्यांच्या मध्ये उभी करावी. आपल्या गावात कांद्याच्या पिशवीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

पाठ दुसरा: साठवण आणि उघडणे

बुचाची वाइन आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा शिरत नाही, असं शास्त्र सांगतं. मात्र सातारा जिल्ह्यात घरच्या बाईसमोर ‘बाटली आडवी करू का?’ असं विचारताना जपून. दारूबंदीच्या मतदानात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं लागतं, आणि हा शिक्का मारायचा सराव आपल्या बायकांना चांगला आहे. सुदैवानं आपल्या इथल्या बहुतेक स्वस्त पांढऱ्या वाइनना फिरकीचं झाकण असतं. ती उभी राहिली तरी चालते. दही आणि कोथिंबिरीच्या मध्ये उभी करावी.

ग्लास काचेचा हवा. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि ताक प्यायल्यासारखं वाटतं. चहाचा काचेचा ग्लास उत्तम; एक तृतीयांश भरावा. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबावं, कारण फार गार असली की जिभेला चव लागत नाही आणि कोमट झाली की गोडी अंगावर येते.

पाठ तिसरा: वास

हा पाठ अवघड आहे आणि त्याला कारण आपलं गाव. आवकेच्या दिवसांत बाजार समितीत ट्रॉल्या लागल्या की सगळ्या लोणंदच्या नाकात कांदा बसतो. कांद्याचा तो दर्प गंधकाच्या संयुगांचा. गंमत म्हणजे वाइन टिकावी म्हणून तिच्यातही गंधकाच्याच संयुगाची पूड पडते, लेबलावर ‘सल्फाइट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेव्हा पहिल्याच हुंगण्यात काडेपेटीसारखं काही आलं तर घाबरू नये. ग्लास फिरवावा, उडून जातं.

पुस्तकात वासांची यादी दिलेली असते: ब्लॅकबेरी, चामडं, ओला दगड. ब्लॅकबेरी लोणंदला कुणी पाहिलेली नाही. ओला दगड आपल्याकडे पुष्कळ, पण तो हुंगायची रीत नाही. विद्यार्थ्यानं आपली यादी आपण करावी. पिकलेला पेरू, पाडाची कैरी, गुऱ्हाळातली काहील, मोसंबीची साल, आणि लाल गोड वाइनसाठी तासगावचा बेदाणा. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं सुकत पडलेली असताना जो घमघमाट येतो, तो एकदा नाकात बसला की पोर्ट ओळखायला दुसरं काही लागत नाही.

माझा मेहुणा कांद्याच्या आडतीवर असतो. पहिल्या वर्गाला त्याला बसवलं तेव्हा त्यानं ग्लास हुंगला, उजेडात धरला आणि सवयीनं विचारलं, ‘दाजी, वक्कल कुणाचं?’

पाठ चौथा: चव

आधी थोडं शास्त्र. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिची दारू करतं. सगळी साखर खाऊन संपली की वाइन ड्राय होते. मधेच त्याला थांबवलं की गोडी उरते. सकाळची नीरा दुपारपर्यंत ताडी होते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. थांबवायच्या दोन रीती नवशिक्यानं लक्षात ठेवाव्यात. एक, टाकी गार करून यीस्टला गारठवणं आणि मग गाळून काढणं. दुसरी, वरून द्राक्षाचीच कडक दारू ओतून त्याला गार करणं. पोर्तुगालात दोरू नदीच्या खोऱ्यात पोर्ट अशी होते. गोव्यात त्याच नावानं मिळणारी लाल गोड वाइन ही तिची लांबची भाची समजावी. ती स्वस्त, गोड आणि गोवेकरांच्या नाताळात हक्कानं मिरवणारी.

गोडी राखायची तिसरी रीत शेतकऱ्याला पटत नाही. द्राक्षं पिकून गेली तरी वेलीवर तशीच ठेवायची, पाणी आटू द्यायचं, साखर घट्ट होऊ द्यायची. सुला ही नाशिकची कंपनी शेनिन ब्लांक नावाच्या द्राक्षाची अशी ‘लेट हार्वेस्ट’ करते आणि ती अर्ध्या बाटलीत विकते. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘आन् मधी पाऊस झाला म्हंजी?’ फ्रान्समध्येही हेच विचारतात.

चाखताना घोट जिभेवर फिरवावा आणि गोडीच्या मागून आंबट येतं का ते बघावं. सगळा अभ्यासक्रम या एका वाक्यात आहे. आंबट येत असेल तर वाइन चांगली. नुसतंच गोड असेल तर सरबत, आणि सरबतासाठी एवढे पैसे घालायचं कारण नाही. परदेशी तज्ज्ञ घोट थुंकून टाकतात. पैसे मोजून आणलेली वस्तू मोरीत थुंकायची ही कल्पना सातारा जिल्ह्यात रुजेल असं वाटत नाही. त्यापेक्षा घोटच लहान घ्यावा.

नोंदवही ठेवावी. शंभरपैकी गुण द्यायची पद्धत आपल्याला नको, बाजारातली प्रतवारी पुरते: एक नंबर, दोन नंबर, गोल्टी. आमच्या वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो.

सुलाची साधी शेनिन ब्लांक: किंचित गोड, मागून हिरव्या सफरचंदासारखं आंबट. वर्गाला येणारे मास्तर म्हणाले, ‘स्वच्छ आहे.’ मास्तरांकडून यापेक्षा जास्त मिळत नाही. एक नंबर.

गोव्याची पोर्ट: बेदाणा, मनुका, थोडं खोकल्याचं औषध. पहिला घोट आवडतो, तिसऱ्याला जीभ चिकटते. बायकोचं मत, ‘थंडीत चमचाभर बरी.’ दोन नंबर.

पुण्याच्या रिदम वायनरीची स्ट्रॉबेरी: जिल्हाबंधू म्हणून तोंड उघडण्याआधीच पाच गुण जास्त, कारण स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर आपलं. वास तिचाच, चव मात्र अपेक्षेपेक्षा आंबट. बाटली सगळ्यात आधी संपली, यावरून काय ते समजावं.

कॅनमधली गोड फसफसती: गोल्टी. आकार लहान, पण कांदा गोडच.

सायडरबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू, बिअरइतकीच सौम्य. सफरचंदं हिमाचलातली, त्यामुळे लोणंदच्या दुकानात सायडर विचारलं तर व्हिनेगर दाखवतात. पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं. तिथे मूनशाईन मीडरी आहे. ती मुळात मधाची मीड करते आणि तिच्या एका प्रकारात सफरचंदाचा रस घालते. मध म्हटलं की आपला जिल्हा मागे नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. डहाणूकडे बोर्डीला चिकूची फसफसती वाइन करतात. तीही मिळाली तर वर्गात आणावी. मीड चाखल्यावर मेहुणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दाजी, ह्यात मध घालायचा राहिला का वो?’ राहिला नव्हता. मधातली साखरच बरीचशी यीस्टनं खाल्लेली असते, मागे वास तेवढा उरतो. हे त्याला पटवण्यात संध्याकाळ गेली.

पाठ पाचवा: सोबत काय खावं

इथे लोणंदचा विद्यार्थी पॅरिसच्या विद्यार्थ्याला मागे टाकतो. मिरचीचा जाळ दारूच्या कडकपणानं वाढतो आणि गोडीनं शमतो. म्हणून आपल्या ठेच्याला कडक लाल वाइन चालत नाही, आणि कमी दारूची गोड गार वाइन मात्र चालते, किंबहुना शोभते. कांद्याची खेकडा भजी, कडेला जळालेली, मिरची जरा जास्त पडलेली, आणि समोर गार शेनिन. भजीचं तेल आंबटपणा कापतो, मिरचीला गोडी सांभाळते, आणि कांदा आपल्या बाजारातला असतो, त्याला कुणाची मदत लागत नाही. चिकनच्या रश्श्यालाही हाच नियम. भडंग, खारे शेंगदाणे हे तर आहेतच.

कंदी पेढ्याच्या बाबतीत मात्र सावध. गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड असावी लागते, नाहीतर तीच आंबट लागते. मेहुण्यानं साताऱ्याचा पेढा तोंडात टाकून वर शेनिनचा घोट घेतला. त्याच्या भुवया आधी एकमेकींकडे आल्या, मग एक वर गेली, मग त्यानं ग्लास दूर सरकवून पाणी मागितलं. पेढ्यासमोर फक्त लेट हार्वेस्ट किंवा पोर्ट टिकते. खरं तर पेढ्यासोबत पेढाच चांगला.

परीक्षा आणि निकाल

लेखी परीक्षा नाही. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवायची. गोड पांढरी चार-पाच दिवस आणि पोर्ट त्याहून बरीच जास्त टिकते. पाचव्या दिवशी बाटलीत काही उरलं असेल तर विद्यार्थी पास.

पहिली एकच बाटली आणायची असेल तर यंदाची शेनिन आणा, फ्रिजमधली मागा आणि भजी आधी तळायला घ्या. वर्ग सुटल्यावर कुणाला गाडी काढू देऊ नका. मेहुण्याला रात्री ठेवून घ्या, सकाळी सौद्याला तो इथूनच गेला तरी चालतं. वर्गाला सुट्ट्या आषाढी एकादशीला, अनंत चतुर्दशीला आणि 2 ऑक्टोबरला. पालखी लोणंद मुक्कामी असते तेव्हाही दुकानं बंद असतात. त्या दिवसांत विद्यार्थ्यांनी वारकऱ्यांच्या पंगतीत वाढायला यावं, तिथे हात कमीच पडतात.